जुने ब्लूज गिटारवर शिकायचेत, सुरुवात कुठल्या गाण्यांपासून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे, की दोनेक वर्षं गिटार वाजवताय, हिंदी-मराठी गाण्यांना कॉर्ड धरून स्ट्रमिंग येतं, एफ बॅरे (एकाच बोटानं सगळ्या तारा दाबायची कॉर्ड) कधी लागतो कधी नाही, क्लॅप्टनचा 'अनप्लग्ड' ऐकून जुन्या ब्लूजचं वेड लागलं, मग 'शिकायलाच हवीत अशी दहा गाणी' अशा कुठल्याशा यादीत पहिलं होतं म्हणून रॉबर्ट जॉन्सनचं 'क्रॉस रोड ब्लूज' घेतलंत आणि चार महिने झाले तरी पहिल्या ओळीच्या पुढे गाडी जात नाही. तर आता कोणती गाणी घ्यायची, कोणत्या क्रमानं, त्यात 'पारंपरिक' कुठलं आणि 'क्लासिक' कुठलं, गाता येत नसेल तर चालतं का, आणि वेगळी गिटार घ्यावी लागेल का.

आधी एक सांगतो, तुमच्या हातात काही खोट नाही, यादीच चुकीची आहे. असल्या याद्या गाणं किती प्रसिद्ध आहे ते बघून बनतात, वाजवणाऱ्याच्या हाताला काय झेपेल ते बघून नाही. 'क्रॉस रोड ब्लूज' घ्या, त्यात ट्यूनिंग वेगळं, बोटात स्लाइड (तारांवरून घसरवायची नळी), वर जॉन्सन बार (चार मात्रांचा एक गट) मोजून वाजवत नाही, ओळ लांबली की गिटारही लांबवतो, आणि हे सगळं चालू असताना गळा फाडून गातोय. चार नव्या गोष्टी एकाच वेळी. त्याची एकूण 29 गाणी रेकॉर्ड झाली, 1936 ला सॅन अँटोनिओत आणि 1937 ला डॅलसमध्ये, आणि त्यातली बरीचशी ऐकताना दोन गिटार वाजतायत असंच वाटतं. तिथून सुरुवात करायला सांगणाऱ्यानं स्वतः ते वाजवलं असेल का याची मला शंका आहे.

मी बरीच वर्षं गिटार शिकवतोय. कोणी मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल ऐकून येतं, कोणी क्लॅप्टन ऐकून, आणि बहुतेकांची अवस्था तुमच्यासारखीच असते, म्हणजे डाव्या हाताला पंधरा-वीस कॉर्ड पाठ असतात आणि उजव्या हाताला फक्त वर-खाली माहीत असतं. जुना ब्लूज तर जवळजवळ सगळा उजव्या हातात आहे, त्यातही अंगठ्यात. त्यामुळे 'कोणतं गाणं घेऊ' असं कोणी विचारलं की मी गाण्याचं नाव बाजूला ठेवतो आणि त्यात अंगठा काय करतोय ते बघतो. निवड तिथूनच करायची.

आता यातलं थोडंफार तुमच्यावर अवलंबून आहे, ते मला इथून कळणार नाही. प्लेक्ट्रम (तारा छेडायची चकती) सोडायची तयारी आहे का? एकट्यानं घरी वाजवायचंय की मित्रांबरोबर, ज्यांच्याकडे बेस-ड्रम आहे? रोज अर्धा तास मिळतो की फक्त रविवारी? मी असं धरून चालतो की एकट्यानं वाजवायचंय, साधी स्टीलच्या तारांची अकूस्टिक आहे आणि बोटांनी वाजवायला शिकायची तयारी आहे. तसं नसेल तर खाली एका ठिकाणी तुमच्यासाठी वेगळी वाट सांगितली आहे.

अंगठ्याचं काय ते सांगतो. मिसिसिपी, टेक्सस, जॉर्जिया, कॅरोलायना या भागातल्या 1920-30 च्या दशकातल्या रेकॉर्ड ऐकल्यात तर बऱ्याचदा माणूस एकटाच असतो, ड्रम नाही, बेस नाही. ती दोन्ही कामं अंगठा जाड तारांवर करतो, आणि तर्जनी-मधलं बोट बारीक तारांवर गाण्याला उत्तर देतात. अंगठा अडखळला की सगळंच कोसळतं, वरचे सूर कितीही बरोबर असले तरी. आणि हा अंगठा ढोबळमानानं दोन प्रकारे चालतो, एक म्हणजे एकाच तारेवर टुक टुक टुक टुक, दुसरा म्हणजे दोन तारांवर आलटून पालटून. कुठलंही गाणं ऐकताना आधी एवढंच ओळखायचा प्रयत्न करा, महिनाभरात कान तयार होतो.

पण अंगठ्याकडे जायच्या आधी एक-दोन आठवडे तुम्हाला जे येतं त्यावरच, म्हणजे स्ट्रमिंगवर, दोन गाणी करा. 'की टू द हायवे' आणि 'ट्रबल इन माइंड'. दोन्ही आठ बारची, छोटी, हळू चालीची. 'ट्रबल इन माइंड' रिचर्ड एम. जोन्सचं, 1926 ला बर्था 'चिपी' हिलनं गायलेलं प्रसिद्ध झालं, त्यात कॉर्नेट लुई आर्मस्ट्राँगचा आहे. 'की टू द हायवे' बिग बिल ब्रून्झीनं 1941 ला केलं, त्याच्या आधीच्या वर्षी दुसऱ्या दोघांनीही केलं होतं. ए मध्ये 'की टू द हायवे' असं जातं, ए, ई सेव्हन, डी सेव्हन, डी सेव्हन, मग ए, ई सेव्हन, ए, ई सेव्हन, प्रत्येकी एक बार. 'ट्रबल इन माइंड' मध्ये पहिले दोन बार तेच, तिसऱ्या बारला डी वर न जाता परत ए सेव्हनवर येतं आणि चौथ्याला डी सेव्हन. बस, मुख्य फरक तेवढाच. आणि त्या एका बारनं गाण्याचा चेहरा बदलतो, पहिलं चालायला निघाल्यासारखं वाटतं आणि दुसरं कुणीतरी उसासा टाकून बसल्यासारखं. हे दोन एकामागे एक वाजवून बघा, कॉर्ड कुठे बदलते हे कानाला कळायला याच्याइतका सोपा धडा मला तरी माहीत नाही. नाहीतर लोक 'ब्लूज म्हणजे बारा बार' एवढंच धरून बसतात आणि मग मिसिसिपी शीक्सचं 1930 चं 'सिटिंग ऑन टॉप ऑफ द वर्ल्ड' समोर आलं, ज्यात नऊ बार आहेत, की गोंधळतात.

आता पहिला अंगठा, एकाच तारेवरचा. हा ई मध्ये शिकायचा, त्याला कारण आहे. ई कॉर्डला बेस म्हणजे सहावी तार मोकळी, ए कॉर्डला पाचवी तार मोकळी, म्हणजे बेससाठी डाव्या हाताला काहीच करावं लागत नाही, तो वरती मोकळा फिरू शकतो. फक्त बी सेव्हनला पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट धरावा लागतो. तळहाताची कड ब्रिजवर हलकी टेकवा म्हणजे बेस घुमणार नाही, दबका ठोका येईल. बारा बार असे, चार ई, दोन ए, दोन ई, मग एक बी सेव्हन, एक ए, आणि शेवटचे दोन बार टर्नअराउंड, ज्यातून परत समेवर यायचं. तबल्याबरोबर थोडंफार बसला असाल तर सरळ 48 मात्रांचं आवर्तन म्हणा की, चार-चारच्या गटात, डोक्यात पटकन बसतं.

या चालीतलं पहिलं गाणं म्हणजे ब्रून्झीचं 'हे हे'. तुम्ही ते क्लॅप्टनकडून ऐकलेलंच आहे, 1992 च्या त्या अल्बमवर आहे. वेग घाबरवणारा वाटतो पण निम्म्या वेगात घेतलं तर डाव्या हाताला फार काही नाही. त्याच्या आधी मात्र नुसता ठोका लावून बारा बार फिरवत राहा आणि मध्येच पहिल्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा सूर किंचित वर ढकला, पूर्ण नाही, किंचितच. ई धरला तर तो कोमल गंधार आहे आणि तुम्हाला त्याला कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी ठेवायचंय. आपल्या कानाला ही जागा परकी नाही, गाणं ऐकलेल्या माणसाला हे पटकन सापडतं, उलट कॉर्डची पुस्तकं गिरवलेल्यांना जास्त वेळ लागतो. त्या एका सुरानं जेवढा ब्लूज येतो तेवढा वीस लिक्स (ठरलेले छोटे तुकडे) पाठ करून येत नाही.

ह्याच अंगठ्यासाठी मॅन्स लिप्सकम ऐका. टेक्ससमधल्या नवासोटाचा शेतकरी, जन्म 1895 चा, आणि पहिली रेकॉर्ड 1960 ची, म्हणजे साठी उलटल्यावर. त्याचा अंगठा ऐकताना घड्याळ लावून घ्यावं असा. लाइटनिन' हॉपकिन्सही ऐका, ई मधल्या छोट्या छोट्या जागांची खाणच आहे तो, पण त्याचं आख्खं गाणं इतक्यात उचलू नका, कारण तो कॉर्ड त्याला वाटेल तेव्हा बदलतो, बार दहा असोत की साडेअकरा. त्याच्याबरोबर बेस वाजवणाऱ्यांची कीव येते मला. अशा माणसांकडून एक-एक जागा घ्यायची आणि आपल्या सरळ बारा बारमध्ये बसवायची.

माझ्या क्लासमधली परीक्षा सांगतो. विद्यार्थ्याला अंगठा चालू ठेवायला लावायचा आणि घरचा पत्ता सांगायला लावायचा, पिनकोडसकट. पिनकोडपर्यंत अंगठा थांबला नाही, धावला नाही, तर तो पुढच्या गाण्याला तयार. बहुतेकांचा सोसायटीच्या नावापाशीच थांबतो. ही परीक्षा पास व्हायच्या आधी वरच्या तारांचं काही शिकवत बसलं तर ते सगळं नंतर परत शिकवावं लागतं, त्यामुळे विद्यार्थी कंटाळला तरी मी इथे वेळ घालवतो.

दुसरा अंगठा, आलटून पालटून. हा सी मध्ये सुरू करा. अंगठा पाचव्या तारेवर, मग चौथ्या, परत पाचव्या, परत चौथ्या, आणि त्याच्यावर बोटांनी चाल वाजवायची, काही सूर ठोक्यावर आणि काही दोन ठोक्यांच्या मधे. सगळी गंमत त्या मधल्या सुरांत आहे आणि सगळा त्रासही तिथेच आहे. पहिलं गाणं एलिझाबेथ कॉटनचं 'फ्रेट ट्रेन'. सी, जी सेव्हन, ई सेव्हन आणि एफ, एवढ्याच कॉर्ड. कोणी म्हणेल हे ब्लूज कुठे, हे तर फोक. बरोबर आहे, पण नॉर्थ कॅरोलायनाकडच्या त्याच मातीतलं आहे आणि पुढच्या सगळ्याचा पाया इथे बसतो. बाईंनी ते लहानपणीच रचलेलं, मग संसारात गिटार कितीतरी वर्षं सुटली, सीगर कुटुंबाकडे घरकामाला असताना परत हातात घेतली, आणि उतारवयात जगभर गाऊन आल्या, ग्रॅमीसुद्धा मिळालं. एक धोका मात्र लक्षात ठेवा, त्या डावखुऱ्या होत्या आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता सरळ उलटी धरायच्या, म्हणजे त्यांचा अंगठा चाल वाजवतो आणि बोटं बेस. त्यांचा व्हिडिओ बघून हात कॉपी करायला गेलात तर डोकं फिरेल. कान त्यांच्याकडे ठेवा, हात दुसऱ्या कुणाचा बघा.

तो दुसरा कुणी म्हणजे मिसिसिपी जॉन हर्ट. मला कोणी एकच माणूस निवड म्हणालं तर मी यालाच निवडेन. 1928 मध्ये ओके कंपनीसाठी आधी मेम्फिसला आणि मग न्यूयॉर्कला रेकॉर्डिंग केलं, रेकॉर्ड काही खपल्या नाहीत, मंदी आली, आणि गडी परत शेतावर. 'अॅव्हलॉन ब्लूज' या गाण्यात स्वतःच्या गावाचं नाव घेतलं होतं त्यानं, त्या एका नावावरून 1963 मध्ये टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणानं त्याला मिसिसिपीत त्याच गावात शोधून काढला. पुढची तीनेक वर्षं, 1966 ला जाईपर्यंत, तो मोठमोठ्या फेस्टिव्हलमध्ये वाजवत होता. शिकणाऱ्याला याचा फायदा असा की बऱ्याच गाण्यांची दोन रूपं मिळतात, 1928 ची वेगवान खरखरीची आणि साठच्या दशकातली संथ, स्वच्छ. शिकायला दुसरी घ्या. पीट सीगरच्या टीव्ही कार्यक्रमातलं चित्रण आहे, त्यात हात स्पष्ट दिसतात.

हर्टची गाणी या क्रमानं घ्या, 'क्रीओल बेल', मग 'लुई कॉलिन्स', मग 'स्पाइक ड्रायव्हर ब्लूज', मग 'कँडी मॅन'. 'क्रीओल बेल' मध्ये चाल आणि गाणं एकच आहे, गिटार गळ्याबरोबरच चालते, त्यामुळे चुकलं की लगेच कळतं. 'लुई कॉलिन्स' मध्ये नेहमीच्याच कॉर्ड, पण इतकं गोड वाजतं की ती एका खुनाची गोष्ट आहे हे अर्ध्या लोकांच्या लक्षात येत नाही. 'स्पाइक ड्रायव्हर' जवळजवळ पूर्ण जी कॉर्डभोवती आहे, कॉर्ड बदलायचीच नाही, त्यामुळे लोकांना सोपं वाटतं, पण कॉर्ड बदलत नाही म्हणजे लपायला जागा नाही, एवढ्याशा जागेत गाणं जिवंत ठेवायचं काम अंगठ्याच्या डुलण्यावर येतं. 'कँडी मॅन' वाजवायला मजा येते, पण शब्द घरच्या कार्यक्रमात म्हणायच्या आधी एकदा नीट वाचून घ्या, ते गोळ्या-चॉकलेटबद्दल नाहीत.

याच्या पलीकडे त्याचं 'स्टॅक ओ'ली' आणि 'फ्रँकी' आहेत. दोन्ही सेंट लुईस शहरात खरोखर घडलेल्या खुनांवरची आहेत, ली शेल्टननं बिली लायन्सला 1895 च्या नाताळच्या रात्री गोळी घातली आणि फ्रँकी बेकरनं 1899 मध्ये आपल्या प्रियकराला. पन्नास जणांनी पन्नास प्रकारे गायलेली गाणी आहेत ही, म्हणून तुम्ही विचारलंत ना 'पारंपरिक' कुठलं आणि 'क्लासिक' कुठलं, तर ही खरी पारंपरिक, ज्यांचा एक मालक नाही. 'की टू द हायवे' किंवा 'नोबडी नोज यू' ही कोणीतरी बसून रचलेली, मग गाजलेली. शिकताना मी तो भेद फार मानत नाही. एकच फरक पडतो, की पारंपरिक गाण्याचं 'ओरिजिनल व्हर्जन' शोधत बसू नये, ते नसतंच. तसं तर मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटंच मावायची, म्हणजे आपल्याकडे जे आहे ते त्या माणसानं एका दिवशी, घड्याळाकडे बघत वाजवलेलं आहे. शनिवारी रात्री नाचणाऱ्यांसमोर तोच माणूस तेच गाणं किती वेगळं आणि किती लांब वाजवत असेल. त्यामुळे टॅबमधला (कुठल्या तारेवर कुठला फ्रेट ते लिहिलेला कागद) एक सूर इकडेतिकडे झाला म्हणून रडू नका.

टॅबवरून आठवलं. टॅब वापरा पण आधी गाणं इतकं ऐका की भांडी घासताना गुणगुणता आलं पाहिजे, मगच कागद उघडा. आणि जुन्या रेकॉर्डबरोबर वाजवायला गेलात आणि गिटार बेसूर लागली तर लगेच गिटारला दोष देऊ नका, त्या काळी ट्यूनरवर कोणी लावत नव्हतं आणि तबकडीच्या वेगातही फरक असायचा, त्यामुळे पट्टी दोन सुरांच्या मधेच कुठेतरी येते. व्हिडिओचा वेग पाऊणपट करून ऐकायची सोय आहे ती वापरा, मोठमोठे लोकसुद्धा जुन्या काळी तबकडी हळू फिरवूनच शिकलेत.

गाण्याबद्दल. 'मला गाता येत नाही, नुसती गिटार चालेल ना' असं तुम्ही विचारलंय. हर्ट, कॉटनबाई यांचं नुसतं गिटारवर चालतं, कारण चाल गिटारमध्येच आहे. पण बारा बारच्या ब्लूजमध्ये साधारण दोन बार माणूस गातो आणि दोन बार गिटार उत्तर देते, पहिली ओळ, तीच ओळ परत, मग तिसरी ओळ, अशा रचनेत. गाणं काढून टाकलंत तर उरतात नुसती उत्तरं, प्रश्न कुणी विचारलेच नाहीत. म्हणून पुटपुटा, गुणगुणा, पण काहीतरी म्हणा. आवाज चांगला असायची अट नाहीये इथे. पट्टी मात्र आपली धरा. ई च्या आकारात दुसऱ्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला तर काळी तीन मिळते, ए च्या आकारात चौथ्याला लावला तर काळी एक. कॅपो म्हणजे लबाडी असं काही जणांना उगाच वाटतं, जॉन्सन स्वतः लावायचा.

आता ज्यांना प्लेक्ट्रम सोडायचा नाही किंवा बँडबरोबर वाजवायचंय त्यांची वाट. सरळ जिमी रीड घ्या, 'बेबी व्हॉट यू वाँट मी टू डू' किंवा 'ब्राइट लाइट्स, बिग सिटी', दोन जाड तारांवरचा शफल, म्हणजे डुलता ठेका. शिकायला सोपा, नीट डुलवायला अवघड. नंतर मडी वॉटर्स. पण हा शिकागोचा, विजेच्या गिटारचा रस्ता आहे, तुमचा प्रश्न त्याबद्दल नव्हता म्हणून इथेच सोडतो.

हे झालं की क्लॅप्टनच्या त्याच अल्बमकडे परत या, कारण त्यात तुमची पुढची यादी पडलेली आहे. 'नोबडी नोज यू व्हेन यू आर डाऊन अँड आऊट' घ्या. जिमी कॉक्सनं 1923 ला लिहिलेलं, बेसी स्मिथनं 1929 ला अजरामर केलेलं. सी, ई सेव्हन, ए सेव्हन, डी मायनर अशी कॉर्डची माळ आहे, बारा बारशी संबंधच नाही, आणि तुमच्यासारख्या सिनेमाची गाणी वाजवणाऱ्याला हे पटकन जमतं कारण कॉर्ड बदलायची सवय आहे. बेसी स्मिथच्या मागे गिटार नाहीच, पियानो आणि ब्रास आहे, म्हणजे गिटारचा भाग तुम्ही तुमचा बसवायचा, कोणी नावं ठेवणार नाही. मायनरमधलं काही हवं असेल तर 'सेंट जेम्स इन्फर्मरी'.

आणि आता जॉन्सन. 'काइंड हार्टेड वुमन ब्लूज' घ्या, त्याच्या पहिल्या रेकॉर्डिंगच्या दिवशीचं पहिलं गाणं, ए मध्ये, नेहमीच्याच ट्यूनिंगमध्ये. आख्खं नको, आधी फक्त त्याचं उतरतं टर्नअराउंड शिका आणि ते तुमच्या 'की टू द हायवे' च्या शेवटी लावा. तुमचं आधीचं गाणं एकदम मोठ्या माणसाचं वाटायला लागेल. मग हळूहळू बाकीचं. 'क्रॉस रोड' त्यानंतर, आणि खरं सांगू, नाही जमलं तरी काही बिघडत नाही, ते ऐकायलाही चांगलं आहे.

ओपन ट्यूनिंग (मोकळ्या तारा छेडल्या की कॉर्डच वाजेल असं लावणं) आणि स्लाइड हे वेगळं प्रकरण आहे, पण एवढी भीती बाळगू नका. ओपन जी साठी सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक सूर उतरवायची, ओपन डी साठी सहावी, दुसरी, पहिली एकेक सूर आणि तिसरी अर्धा सूर. सगळं उतरवायचंच आहे त्यामुळे तार तुटायची भानगड नाही. ओपन जी मध्ये सन हाऊसचं 'डेथ लेटर' ऐका, 1965 चं, म्हातारपणीचं, तारांवर अक्षरशः तुटून पडतो तो. जॉन ली हूकरचं 1948 चं 'बूगी चिलन' ओपन ट्यूनिंगमध्ये एकाच कॉर्डवर आहे, पायाचा ठेका रेकॉर्डवर ऐकू येतो, आणि स्लाइड न वापरता वाजतं, म्हणून ओपन ट्यूनिंगची पहिली पायरी म्हणून मी तेच देतो. स्लाइड घालायचीच तर करंगळीत घाला म्हणजे बाकीची बोटं कॉर्डला मोकळी राहतात, फ्रेटच्या मधे नाही तर बरोबर फ्रेटच्या पट्टीवर धरा, आणि मागच्या बोटांनी तारा हलक्या दाबून ठेवा, नाहीतर खरखर येते. घरात काका-मामांची जुनी हवाईयन गिटार असेल तर तिचा स्टीलचा बार इथे चालणार नाही, ती मांडीवर आडवी ठेवून वाजवायची रीत वेगळी. कान तयार करायला मात्र गिटारवर राग वाजवणारे ब्रिजभूषण काबरा ऐकलेले असतील तर उत्तम, तारेवरून मींड कशी घ्यायची हे कळलेल्या माणसाला स्लाइड परकी वाटत नाही.

काय पुढे ढकलायचं तेही सांगतो. ब्लाइंड ब्लेक, त्याचं 1926 चं 'वेस्ट कोस्ट ब्लूज' ऐका आणि सोडून द्या, तो अंगठा तीन जणांचा आहे. रेव्हरंड गॅरी डेव्हिस, जो फक्त अंगठा आणि एका बोटानं जे करायचा ते आपल्याला पाचही बोटांनी होत नाही. ब्लाइंड लेमन जेफरसन आणि चार्ली पॅटन, दोघेही ताल मोडूनतोडून वाजवतात, पाया पक्का व्हायच्या आत त्यांच्या नादी लागलात तर स्वतःचा ठोका बिघडेल. स्किप जेम्सचं 'हार्ड टाइम किलिंग फ्लोअर ब्लूज' मात्र याला अपवाद म्हणता येईल, ट्यूनिंग विचित्र आहे, ओपन डी मायनर, पण हात फार अवघड नाही, त्या उदास सुरानं पछाडले असाल तर मधेच घ्या, मी अडवणार नाही.

म्हणजे क्रम लावायचा तर आधी दोन आठ बारची स्ट्रमिंगवर, मग ई मधला एका तारेचा अंगठा आणि 'हे हे', मग सी मध्ये 'फ्रेट ट्रेन' आणि तिथून जॉन हर्टची चार, मग 'नोबडी नोज यू', मग जॉन्सनचं टर्नअराउंड, आणि ओपन ट्यूनिंग जेव्हा खाज सुटेल तेव्हा. रोज अर्धा तास दिलात तर यात वर्ष आरामात जाईल, आणि गेलं तर जाऊ द्या. एका वेळी दोनच गाणी हातात ठेवा, एक शिकत असलेलं आणि एक आधीचं, रोज न चुकता वाजवायचं.

राहिला गिटारचा प्रश्न. नवीन घेऊ नका. रेझोनेटर (पोटात धातूची तबकडी असलेली गिटार) दिसायला फार भारी दिसते हे मान्य, पण त्या काळी यातले कित्येक जण स्टेलासारख्या स्वस्तातल्या गिटारी वाजवायचे. तुमच्या गिटारची ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) फार उंच असेल तर दुकानात नेऊन थोडी कमी करून घ्या, तारा बारा नंबरच्या जाडीच्या असतील तर अकराच्या लावा म्हणजे तो गंधार ढकलताना बोट सोलणार नाही. नखं वाढवायची गरज नाही, बोटाच्या मांसानंच वाजवा, अंगठ्याला आवाज कमी पडतोय असं वाटलं तर प्लास्टिकचा थंबपिक स्वस्तात मिळतो, तो घट्ट बसला तर गरम पाण्यात बुडवून थोडा उघडून घ्यायचा. आणि पावसाळ्यात तारा पटकन गंजतात, वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं पुसायच्या, खालच्या बाजूनंसुद्धा.